द्राक्षांच्या कोल्ड रूमसाठी सेन्सर निवडताना

निफाडजवळच्या एका कोल्ड रूममध्ये कंट्रोलर ० अंश दाखवत होता, पण दारालगतच्या पेट्यांमधल्या द्राक्षांचे देठ काळपट पडायला लागले होते. कॉम्प्रेसरवर संशय होता. मी आधी थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि आरओचं पाणी कालवून प्रोब (तापमान मोजणारी कांडी) त्यात बुडवला. तिथे ० यायला हवं, पण आकडा आला २.८. तोच प्रोब लांब वायर वगळून थेट पॅनेलपाशी जोडला, तर बरोबर ०!

म्हणजे दोष वायरचा. प्रोब दोन वायरचा पीटी-१०० होता, म्हणजे रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा सेन्सर. त्याचा रोध अंशाला जेमतेम ०.३८५ ओहम बदलतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे सुमारे १.१ ओहम. तेवढ्या रोधाने तापमान सुमारे २.८ अंश वाढीव दिसतं आणि खोली प्रत्यक्षात उणे तीनकडे जाते. देठ कसे टिकणार?

तीन वायरचा, क्लास ए पीटी-१०० बसवला. शून्याला त्याची चूक ०.१५ अंशाच्या आत असते. तिन्ही वायर एकाच जाडीच्या आणि लांबीच्या हव्यात, तरच कंट्रोलर वायरचा रोध वजा करू शकतो. के थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) स्वस्त, पण इथे त्याचा अंश-दीड अंशाचा फरकही परवडत नाही. डीएस१८बी२० या डिजिटल सेन्सरला वायरचा हा त्रास नाही, मात्र त्याची अर्ध्या अंशाची चूक मला जास्त वाटली. नुसत्या नोंदीसाठी तो चांगला.

प्रोब आता कूलरकडे परतणाऱ्या हवेत आहे, आणि दुसरा एक थेट पेटीत, घडांच्या मधोमध.