'४० वर्षांची परंपरा' म्हणतात, पण कोणाची? बुकिंगआधी कंपनीचा इतिहास असा काढा

पुण्यात बाणेरला एका बिल्डरच्या साइटवर गेलो होतो, सॅम्पल फ्लॅट बघितला, चहा-बिहा झाला, भिंतीवर मोठ्ठं '४० वर्षांची परंपरा', आणि घरी येऊन कागदाच्या तळाशी बारीक छापलेला सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी नंबर, बघतो तर कंपनी २०१९ ची!

म्हणजे आधी तो नंबर वाचायला शिका. २१ अक्षरी असतो, नववं ते बारावं अक्षर म्हणजे स्थापनेचं साल, सुरुवातीला एल असेल तर शेअर बाजारात लिस्टेड, यू असेल तर नाही. कंपनीऐवजी एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी असेल, तर तिच्या नंबरात साल नसतं, तिचं नाव एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) साइटवर टाकून बघावं लागतं.

साल नवीन निघालं म्हणून लगेच फसवणूक समजू नका हं, प्रत्येक प्रोजेक्टला वेगळी कंपनी काढायची पद्धतच आहे. पण मग परंपरा नक्की कोणाची ते शोधा. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्ट उघडा, डायरेक्टर किंवा पार्टनर कोण, त्यांचे जुने प्रोजेक्ट कुठले, कोर्टकेसेस किती, आणि मुख्य म्हणजे ताब्याची पहिली तारीख काय होती आणि आता काय आहे. माझ्या मते खरा इतिहास त्या दोन तारखांमध्येच असतो, ब्रोशर राहू द्या.

आणि जुनी कंपनी म्हणजे डोळे झाकून घर घ्या असंही नाही. एचसीसी (हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी) १९२६ ची, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेली, बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून ते २००९ ला सुरू झालेल्या वांद्रे-वरळी सी लिंकपर्यंत कामं केली, पण पुण्याजवळ डोंगरात नवं शहर वसवायला निघालेली तिचीच कंपनी लवासा २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या केसमध्ये एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात गेली. दुसऱ्याचं काँट्रॅक्ट घेऊन पूल बांधणं वेगळं आणि स्वतः जमीन घेऊन, कर्ज काढून घरं विकणं वेगळं, त्यामुळे कंपनी कशावर वाढली ते बघा. लिस्टेड असेल तर वार्षिक अहवालात कर्जाचा आकडा मिळतो, तेवढा तरी वाचा.

महारेरा आलं १ मे २०१७ ला, त्याआधी पूर्ण झालेल्या कामांची तिथे नोंदणी नसते. त्यासाठी गाडी काढा आणि त्यांच्या दहा-पंधरा वर्षं जुन्या सोसायटीत जाऊन या, रविवारी सकाळी सेक्रेटरी काका सापडतात. कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालं का आणि कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालं का, एवढं विचारा, पुढचा अर्धा तास काकाच बोलतात. निघताना वॉचमनला पाण्याचे टँकर रोज किती येतात तेही विचारून घ्या.