परदेशी सेवेला निघणाऱ्या जोडप्यानं तयारी कशी करावी

परदेशात वर्षानुवर्षं राहून सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रचाराचं काम करायचं, तर तयारीत दीड-दोन वर्षं सहज जातात. पासपोर्ट, व्हिसा, लसी यांच्या याद्या कुठेही मिळतात. मुंबईतल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) अडतं ते वेगळीकडेच. तयारी एकाची होते आणि जातात दोघं. पाचारण (देवाचं बोलावणं) नवऱ्याला आणि बॅगा भरायच्या बायकोनं (क्वचित उलटंही). म्हणून पुढचं प्रत्येक काम दोघांच्या नावानं करायचं, असं धरूनच वाचा.

आधी दोन कागद

पाळकसाहेबांना सांगण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर चार प्रश्नांची उत्तरं लिहावीत. आपण का जातोय? मला कशाची भीती वाटते? तिथे माझं स्वतःचं काम कोणतं? काय झालं तर परत यायचं? मग कागदांची अदलाबदल करा. चौथ्या प्रश्नाची उत्तरं जुळत नसतील, तर पुढच्या कामांना हात लावू नका. महिनाभर त्यावरच बोला, प्रार्थना करा आणि पुन्हा लिहा.

मंडळीच्या मिशन समितीच्या मुलाखतीत नेहमीचं दृश्य असतं. वडीलधारे विचारतात, “ताई, तुम्हाला काय वाटतं?” आणि उत्तर नवऱ्याकडून येतं, “तिची काही हरकत नाही, साहेब.” हरकत नसणं आणि पाचारण असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अशा वेळी समितीनं नवऱ्याला बाहेर चहाला पाठवावं आणि ताईंशी निवांत बोलावं.

इंग्रज मिशनरी विल्यम कॅरींचं नाव आपण मराठी व्याकरण (१८०५) आणि मराठी कोश (१८१०) यांसाठी आदरानं घेतो. त्यांच्या पत्नी डोरोथी आधी निघायलाच तयार नव्हत्या. बहीण सोबत येते म्हटल्यावर त्या १७९३ साली बंगालला आल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर दगावला. त्यानंतर त्यांचं मन जे ढासळलं ते पुन्हा सावरलं नाही आणि १८०७ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला त्या वारल्या. मिशन रविवारच्या भाषणांत कॅरींचं कार्य येतं, डोरोथीबाई येत नाहीत. जोडप्यानं तेवढी बाजू वाचून मगच निर्णय घ्यावा, असं मला वाटतं.

मंडळीकडून लेखी घ्या

निरोपाची उपासना, शाल आणि मागाहून बिर्याणी हे होणारच. त्याच्या कितीतरी आधी मंडळीशी चार गोष्टी लेखी ठरवा: दरमहा किती रक्कम आणि किती वर्षं, अडचणीत फोन कोणाला करायचा, परतीच्या तिकिटाचे पैसे कुठे ठेवलेत, आणि आईवडिलांकडे कोण जाऊन येणार. सगळे ओळखीचे असल्यामुळे लेखी मागायला संकोच वाटतो. पण तीन वर्षांनी कमिटी बदलते आणि नव्या खजिनदारांना तोंडी शब्द माहीत नसतो.

मंडळीच्या ट्रस्टचा पैसा देशाबाहेर खर्च करायचा असेल, तर त्या रकमेवरची आयकराची सूट आपोआप मिळत नाही. प्रत्यक्ष कर मंडळाची वेगळी मान्यता लागते. “पाठवू हो दर महिन्याला” असं सांगण्याआधी खजिनदारांनी सीएला गाठावं. याच कारणासाठी स्वतःच्या बळावर न जाता अनुभवी पाठवणाऱ्या संस्थेमार्फत जावं.

शिक्षणासाठी फार लांब जावं लागत नाही. पुण्याला बिबवेवाडीत युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं महाविद्यालय आहे. अभ्यासक्रम कोणताही निवडा, पण प्रवेश दोघांनी घ्या. एक वर्गात आणि दुसरा क्वार्टर्समध्ये, असं नको.

व्हिसा: दोघांपैकी काम कोणाला करता येईल?

एकाला धार्मिक कार्याचा किंवा नोकरीचा व्हिसा मिळतो आणि दुसऱ्याला ‘डिपेंडंट’. अनेक देशांत डिपेंडंट व्हिसावर काम करता येत नाही. मुंबईत पंधरा वर्षं नर्सिंग केलेली बाई तिथे घरात बसून राहते. अर्जाच्या आधीच विचारा: दुसऱ्याला कामाचा परवाना मिळतो का? नर्सिंग, शिक्षकी यांसारख्या पेशांना तिथली वेगळी नोंदणी लागते का? उत्तर नकारार्थी असेल तर देश बदलण्याचाही विचार करावा.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन राहायचं आणि मुदत संपली की सीमेपलीकडे चक्कर मारून यायचं, हा मार्ग धरू नका. पकडले गेलात तर तिथल्या विश्वासणाऱ्यांनाच त्रास होतो. धर्मप्रचाराचा कायदाही आधी तपासा. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण २०१८ मध्ये लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेप्रमाणे धर्मांतर घडवणं हा गुन्हा आहे.

कागदपत्रं, म्हणजे मुख्यतः नावं

आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. दहावीच्या मार्कशीटवर ताईंचं माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव. आधारवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. पॅनवर मधलं नावच नाही. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याचं नाव आणि स्पेलिंग चौथंच. परदेशी वकिलातीच्या कारकुनाला या चार बायका वाटतात. म्हणून एका दुपारी सगळे कागद जमिनीवर पसरून प्रत्येक नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. एक स्पेलिंग नक्की करा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. मार्कशीटला हात लावता येत नसेल, तर विवाहाचं प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र जोडीला ठेवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा नियम नाही. माहेरचं नाव चालू ठेवून पती म्हणून नवऱ्याचं नाव नोंदवता येतं, आणि पदव्या त्याच नावावर असतील तर मला तेच सोयीचं वाटतं.

चर्चमधला विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली झालेला असतो. काही वकिलातींना चर्चचा उतारा चालतो, काहींना सरकारी निबंधकाच्या सहीशिक्क्याची प्रतच हवी असते. दोन्ही काढून ठेवा. मग अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का. असे शिक्के मानणाऱ्या हेग करारातला देश असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं (भारत २००५ पासून त्यात आहे). नसेल तर त्या देशाच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. पोलीस क्लिअरन्स (गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला) पासपोर्ट सेवेमार्फत मिळतो, पण तो शेवटी काढा, कारण जुना झाला की चालत नाही.

तब्येत

हेपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात, म्हणून ते आधी सुरू करा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांसाठी पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते जन्मभरासाठी धरलं जातं. ही लस गरोदरपणात सहसा देत नाहीत, नऊ महिन्यांखालच्या बाळालाही नाही. त्यामुळे बाळाचा विचार असेल तर तो आत्ताच बोलून घ्या. दात इथेच दाखवा. जाण्याआधी दोघांनी समुपदेशकाकडेही एकदा बसावं.

घर, बँक आणि ओटीपी

कर्ज फेडूनच निघा. अनिवासी झालात की बचत खातं एनआरओ (अनिवासींसाठीचं खातं) करावं लागतं. फ्लॅट भाड्यानं दिलात तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला हवा, आणि घरमालक अनिवासी असला की भाडेकरूनं भाड्यातून कर कापायचा असतो, हे त्याला आधीच सांगा. सोसायटी, बँक, वीजबिल यांसाठी विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र इथेच करून ठेवा. तिकडून पाठवायचं तर वकिलातीत खेपा घालाव्या लागतात.

आणि मोबाइल. बँक, आधार, आयकर सगळं एका ओटीपीवर अडतं. भारतातलं सिम चालू राहील, त्याचं रिचार्ज कोण करणार आणि परदेशात त्यावर मेसेज येतो का, हे एकाच्या नव्हे, दोघांच्याही सिमवर तपासा. नवरा गावोगाव फिरत असताना बँकेचा ओटीपी त्याच्याच फोनवर येतो आणि घरी बायको खोळंबते, ही तक्रार फार ऐकू येते.

आईवडील

इथे घाई करू नका. भावंडांना एकत्र बसवा. औषधपाण्याचा खर्च कोण किती उचलणार, हॉस्पिटलात रात्री कोण थांबणार, मेडिक्लेमचे कागद कोणाकडे, हे नावानिशी ठरवा. बोलायला अवघड असलेला प्रश्नही विचारा: काही झालं तर तुमची वाट पाहायची, की दफन उरकून घ्यायचं? काही ठिकाणांहून मुंबईला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात. आईवडिलांनाच विचारलं तर बहुतेक वेळा तेच मोकळेपणानं सांगतात. सासर आणि माहेर दोन्हीकडे ही बैठक व्हायला हवी. माहेरची बैठक राहून जाते.

भाषा आणि पहिली रजा

पहिलं वर्ष तिथली भाषा शिकण्यासाठी ठेवा आणि ते मंडळीला आत्ताच सांगा, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून “किती सभा झाल्या?” असं विचारणारे मेसेज येऊ लागतात. शिकवणीची वेळ अशी लावा की मूल सांभाळण्यात एकाचाच वर्ग बुडणार नाही.

पहिली रजा कधी, हेही लेखी करारात घाला. रजेवर मुंबईत आलं की दर रविवारी वेगळ्या मंडळीत साक्ष, फोटो, भाषण सुरू होतं. भायखळा, ठाणे, वसई, पुणे करता करता रजा संपते. निम्मे रविवार मोकळे ठेवायचे, आणि बोलायचं असेल तिथे माइक दोघांनाही द्यायचा, एवढं आयोजकांना आधीच कळवून ठेवा.