पेडल दाबताच घरघर आणि घसरणारा क्लच: माझा अनुभव
चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचे फेरे वाढत, वेग मात्र तेवढाच राही; शिवाय क्लचचे पेडल दाबताच घरघर सुरू होई आणि सोडताच थांबे. केबलचा ताण दोनदा जुळवला, गिअर ऑइलही बदलले. महिना वाया गेल्याने मी पुरता वैतागलो होतो. खरे तर असा आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचाच, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचाच असतो.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, गाडी स्टँडवर घेतली, ऑइल उतरवून ड्राइव्ह शाफ्ट, केबल व स्टार्टर सोडवले आणि इंजिनाला खालून आधार देऊन मगच गिअरबॉक्स काढला. जुन्या क्लच प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजले होते. बेअरिंग हातात फिरवले तर आत वाळू असल्यासारखे खरखरले. फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाला, तडे नाहीत आणि सीलमधून तेल झिरपत नाही याची खात्री करून फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने पुसले. नवी प्लेट, ‘फ्लायव्हील साइड’ असा शिक्का असलेली बाजू फ्लायव्हीलकडे ठेवून, तिला मध्यावर धरणाऱ्या अलाइनमेंट टूलवर बसवली आणि तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत शेवटी टॉर्क रेंच लावला. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या खाचांना (स्प्लाइनला) ग्रीसचा पुसट हात पुरतो. जास्त झाले तर ते अस्तरावर उडते. नवे बेअरिंग ते ढकलणाऱ्या फोर्कमध्ये अडकवून गिअरबॉक्स चढवताना त्याचे वजन शाफ्टवर लटकू दिले नाही, की बोल्टने ओढूनही घेतला नाही. तो हाताने पूर्ण टेकल्यावरच बोल्ट लावले. मग ऑइल भरून पेडलची मोकळी चाल मॅन्युअलप्रमाणे ठेवली. घरघर आणि घसरणे दोन्ही थांबले.