छोट्या डीव्हीडीतलं चित्रीकरण संगणकावर घेताना

हँडीकॅमची ८ सेंमीची डीव्हीडी संगणकात कोरी दिसली तर टाकून देऊ नका. बहुतेकदा ती ‘फायनलाइझ’ करायची, म्हणजे इतर यंत्रांवर चालेल अशी पक्की करायची, राहून गेलेली असते. आजीचं खळखळून हसणं मला अशाच एका ‘कोऱ्या’ डिस्कवर सापडलं.

१. ज्या कॅमेऱ्यात चित्रीकरण केलं, त्याच्याच मेनूतून डिस्क फायनलाइझ करा. कॅमेरा बॅटरीवर नको, चार्जरला लावूनच. काम संपेपर्यंत हलवूही नका.

२. डिस्क संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हच्या ट्रेमधल्या आतल्या लहान खाचेत नीट बसवा.

३. ‘व्हिडिओ_टीएस’ हे अख्खं फोल्डर कॉपी करा. त्यातल्या व्हीओबी, म्हणजे चित्रीकरणाच्या, फाइल व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये थेट चालतात. फोनवर पाठवायच्या तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरने एमपी४ करून घ्या.

फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये मात्र ही डिस्क घालू नका, आतच अडकते.