इंजिन ऑइलमध्ये पाणी दिसतंय? हेड उघडण्याआधी या चुका टाळा

ऑइल भरायचं झाकण उघडलं, आतून पिवळट-पांढरी साय दिसली, की बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील. पहिली चूक इथेच होते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होतेच. तिचा थोडा भाग पिस्टन रिंगच्या फटींतून खाली ऑइलकडे उतरतो आणि वरच्या थंड झाकणावर जमतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ती वाफ उडून जायला इंजिन पुरेसं तापतच नाही. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून फसू नका. तो कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान दाखवतो, ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

कौल मागायचा तो डिपस्टिककडे, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीकडे. ती स्वच्छ असेल आणि कूलंट घटत नसेल, तर झाकण पुसा, अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. तरीही साय येतच राहिली तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (ऑइलच्या भागात साचलेली वाफ आणि वायू ओढून घेणारा) किंवा त्याचा पाइप तुंबला आहे का, ते तपासा. पण डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ कॉफीसारखं झालं असेल, किंवा न भरता पातळी वाढली असेल, तर ‘गॅरेजपर्यंत तर जाईल’ म्हणून गाडी चालवू नका. कूलंटमधलं ग्लायकॉल हे रसायन इंजिनातल्या बेअरिंगची वाट लावतं. गाडी टो करून न्या.

कूलंट मोजण्यातही घोळ होतो. आज गरम इंजिनवर, उद्या थंड इंजिनवर पातळी बघून काहीच कळत नाही. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, गाडी सपाट जागी उभी करून बघा आणि टाकीवर मार्करने खूण करा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र चुकूनही उघडू नका. दाबामुळे आतला कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण झाकण सैल होताच उसळून अंगावर येतो.

पातळी उतरतेय आणि ऑइल स्वच्छ आहे? मग आधी होज, क्लॅम्प, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि गाडीतलं ओलं कार्पेट बघा. कार्पेट ओलं असून गोडसर वास येत असेल, तर संशय हीटर कोअरवर, म्हणजे गाडीत गरम हवा देणाऱ्या छोट्या रेडिएटरवर.

आता अनुभवी माणसंही जिथे चकतात ती जागा. ब्लॉक टेस्टमध्ये रेडिएटरमधली हवा एका निळ्या द्रवातून ओढतात; ते पिवळं झालं नाही, म्हणजे गॅस्केट ठीक, असं समजतात. पण ही चाचणी फक्त सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये येतोय का, एवढंच सांगते. गळती कूलंटच्या आणि ऑइलच्या वाटेमध्ये असेल, तर द्रव निळंच राहणार. म्हणून प्रेशर टेस्ट आधी करा: थंड इंजिनवर हातपंपाने कूलंटच्या वाटेत, रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरायची आणि काटा उतरतो का, ते पंधरा-वीस मिनिटं बघायचं. काटा उतरला पण बाहेर थेंबही नाही, तर गळती आत आहे.

तरीही लगेच हेड उघडू नका. ऑइल कूलर (कूलंटच्या मदतीने ऑइल थंड करणारा भाग) असलेल्या गाडीत तो आधी तपासा. चालू इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून कूलर फुटला की बऱ्याचदा ऑइलच कूलंटच्या टाकीत येतं. इंजिन बंद केल्यावर उलटं होतं: ऑइलचा दाब संपतो, कूलंटचा काही वेळ टिकतो, म्हणून कूलंट ऑइलमध्ये शिरू शकतो. कूलर बदलणं हेड उतरवण्यापेक्षा सहसा सोपं असतं, आणि तरी तो आठवतो सगळ्यात शेवटी.

एक जुनी युक्ती: गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी ती न सुरू करता ड्रेन प्लग (ऑइल काढायचा तळाचा बोल्ट) हळूच सैल करा. पाणी जड असल्याने ऑइलमध्ये न घुसळलेलं पाणी तळाशी बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. खाली भांडं ठेवा. कूलंट विषारी आणि चवीला गोड असतो, कुत्री-मांजरं चाटतात.

गळती बंद करणारं बाटलीतलं औषध? माझं मत विचाराल तर नकोच. ते हीटर कोअरच्या बारीक नळ्याही तुंबवू शकतं.

दुरुस्तीनंतर एकदाच ऑइल बदलून मोकळं होऊ नका. नवं ऑइल आणि फिल्टर घाला, थोडा वेळ इंजिन चालवा, दोन्ही पुन्हा बदला. ऑइल अजून दुधाळ येत असेल तर तिसऱ्यांदाही.