‘फेअर’चं मराठी करताना

भाषांतराचं काम शिकायला आलेली मुलं ज्या शंका घेऊन येतात, त्या बहुतेक लांबलचक शब्दांच्या असतात. ‘डिप्रिसिएशन’ला काय लिहू, ‘इंडेम्निफिकेशन’ला काय लिहू? घसारा लिही, क्षतिपूर्ती लिही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उघडले की दोन मिनिटांत मिटतं. शाळेपासून माहीत असलेली चिमुकली विशेषणं मात्र कुणी विचारत नाही, आणि तपासताना लाल रेघा सगळ्यात जास्त तिथेच पडतात. म्हणून पुण्यात या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी आधी एकच विशेषण देते आणि सांगते, काही दिवस फक्त याच्या मागे लाग. बहुतेक वेळा ते ‘फेअर’ असतं.

‘फेअर’च का? तर तो आपल्या घरात आधीच येऊन बसलाय. शाळेत रफ वही आणि फेअर वही असते. कार्यालयातला साहेब म्हणतो, अर्ज फेअर करून आणा. स्थळं बघताना आजही कुणीतरी आवाज खाली आणून ‘मुलगी फेअर आहे’ म्हणतंच. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘फेअर खेळ ना रे’ ऐकू येतं. आणि रेशनच्या दुकानावर सरकारी पाटी असते, ‘रास्त भाव दुकान’, म्हणजे फेअर प्राइस शॉप. पाच ठिकाणं, निदान तीन-चार अर्थ, आणि आपण ते न अडखळता वापरतो. तोच शब्द इंग्रजी वाक्यात भेटला की मात्र सगळीकडे ‘योग्य’ लिहून मोकळे होतो. (‘योग्य’ या शब्दावर वर्षभर बंदी घालावी असं मला फार वाटतं.)

मुळात जुन्या इंग्रजीत हा ‘फेगर’ होता, अर्थ सुंदर, मनाला भावणारं. सुंदर म्हणजे डाग नसलेलं, मग स्वच्छ उतरवलेली प्रत, निरभ्र हवा, आणि त्याच ओघात पक्षपाताचा डाग नसलेला व्यवहार. जत्रेचा किंवा प्रदर्शनाचा ‘फेअर’ या घराण्यातला नाही. तो लॅटिनमधल्या ‘फेरिया’कडून, सणासुदीच्या दिवसावरून आला. आणि रिक्षाचं भाडं म्हणजे ‘फेअर’ याचं तर स्पेलिंगच वेगळं, फक्त उच्चार तोच. या दोघांना वहीच्या वेगळ्या पानावर ठेवायचं.

आता मुख्य काम. अर्थांची यादी पाठ करू नका, ती दुसऱ्या दिवशी विसरते. शब्दाशेजारी कोणतं नाम बसलंय ते लिहा आणि पुढे त्याचा विरुद्धार्थी शब्द शोधा. ‘अनफेअर’ हे उत्तर सगळीकडे चालत नाही, हे तिथेच कळतं. फेअर ट्रायलच्या उलट अनफेअर ट्रायल, ठीक. पण फेअर कॉपीच्या उलट रफ. फेअर वेदरच्या उलट फाउल. फेअर स्किनच्या उलट डार्क. फेअर चान्सच्या उलट स्लिम, म्हणजे इथे ‘फेअर’चा न्यायाशी संबंध नाही, ‘बऱ्यापैकी शक्यता’ एवढाच अर्थ आहे. ‘अ फेअर नंबर ऑफ पीपल’ म्हणजे बरेच लोक, ‘योग्य संख्येने लोक’ नव्हे. या संख्येच्या अर्थाने ‘फेअर’ नामाच्या आधीच बसतो. ‘द नंबर इज फेअर’ असं उलटून म्हटलं की तो अर्थ गळतो आणि ‘आकडा रास्त आहे’ असं काहीतरी वेगळंच होतं. विरुद्धार्थी बदलला म्हणजे अर्थ बदलला, म्हणजे मराठी शब्दही बदलणार. एवढी एक परीक्षा हाताशी असली तरी निम्मे प्रश्न सुटतात.

सगळ्यात फसवा ‘फेअर’ हा मधल्या पायरीचा. आमच्याकडे एकदा आरोग्याच्या सर्वेक्षणाची प्रश्नावली आली होती. तुमची तब्येत एकंदरीत कशी आहे, आणि पुढे पाच पर्याय: एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. नवीन आलेल्या मुलीने चौथ्या पर्यायाला ‘समाधानकारक’ लिहिलं. मी म्हटलं, समाधानकारक हे ‘चांगली’च्या खाली वाटतं का? तिने खोडून ‘बरी’ केलं. आता ‘बरी’ शब्दशः अगदी चपखल, पण पुण्यातल्या आजोबांना विचारा तब्येत कशी आहे, ते ठणठणीत असले तरी ‘बरी आहे’ म्हणतील. मग आम्ही पाचही शब्द चिठ्ठ्यांवर लिहिले आणि कार्यालयात चहा करणाऱ्या मावशींसमोर ठेवले. म्हटलं, उत्तमपासून वाईटापर्यंत ओळीने लावा. मावशींनी ‘उत्कृष्ट’ वर ठेवलं, ‘वाईट’ खाली, आणि ‘चांगली’ व ‘बरी’ दोन्ही हातात धरून म्हणाल्या, “ताई, ही दोन सारखीच की. यातली कुठली वर?”

शेवटी ‘साधारण’ ठेवलं. ती चिठ्ठी मावशींनी क्षणभरही न थांबता चौथ्या जागी लावली. मोठ्या प्रकल्पांत याच प्रकाराला कॉग्निटिव्ह डीब्रीफिंग म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे मिळतात. नोकरीतल्या मूल्यमापनाच्या फॉर्मवरचा ‘फेअर’ही बहुधा असाच असतो, ‘गुड’च्या एक पायरी खाली. वरिष्ठांनी तो दिला म्हणून खूश होणारे लोक मी पाहिले आहेत.

हा मधला अर्थ ध्यानात आला की इतर जागाही उलगडतात. १९४८ मध्ये केंद्र सरकारने रास्त वेतनाबाबत समिती नेमली होती. तिने तीन पायऱ्या मांडल्या: खाली मिनिमम वेज, वर लिव्हिंग वेज आणि दोहोंच्या मध्ये फेअर वेज. तिथे ‘फेअर’मध्ये न्यायही आहे आणि मधली पायरीही. किंवा आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचं, म्हणजे हवामान खात्याच्या कार्यालयाचं घ्या. हवामान खात्याच्या भाषेत ‘फेअरली वाइडस्प्रेड’ पाऊस म्हणजे त्या भागातल्या ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर पाऊस. २६ ते ५० टक्के असेल तर ‘स्कॅटर्ड’, ७५ च्या वर गेला की नुसतं ‘वाइडस्प्रेड’. मराठी अंदाजात त्याचं ‘बऱ्याच ठिकाणी’ होतं, आणि ते बरोबरच आहे. हे न पाहता ‘योग्यरीत्या सर्वदूर’ असं लिहिलेलं मी वाचलंय.

‘फेअरली’ची दोन तोंडं वेगळी ओळखायला शिका. ‘ही वॉज ट्रीटेड फेअरली’ म्हणजे त्याच्याशी न्यायाने वागले. ‘फेअरली कोल्ड’ म्हणजे बऱ्यापैकी थंडी. क्रियापदाजवळ पहिला अर्थ, विशेषणाआधी दुसरा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

कायदा आणि पैशाच्या मजकुरात मात्र आपली हुशारी चालवायची नाही, ठरलेला शब्द शोधायचा. साखर संकुलापाशी, म्हणजे साखर आयुक्तांच्या कार्यालयापाशी, मोर्चा आला की जी एफआरपी ऐकू येते, ती ‘फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस’, मराठीत रास्त आणि किफायतशीर दर. २००९-१० च्या हंगामापासून उसाच्या किमान दराच्या जागी ही आली. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली. इथे ‘वाजवी आणि फायदेशीर किंमत’ लिहिलं तर अर्थ चुकत नाही, पण बारामतीकडचा वाचक म्हणेल, हे कुठलं नवीन काढलं? आमचे एक काका तर ‘एफआरपी’ सोडून दुसरं काही म्हणतच नाहीत. मी एकदा ‘रास्त दर’ म्हणाले तर म्हणाले, “रास्त वगैरे राहू दे गं, एकरकमी मिळतोय का ते सांग.”

‘रास्त’ फारसीतून आलेला, ‘वाजवी’ अरबी ‘वाजिब’वरून, ‘न्याय्य’ आणि ‘उचित’ संस्कृत. (रास्ता पेठेचा इथे काही संबंध नाही, ती सरदार रास्त्यांची.) मंडईत भावाला कुणी ‘रास्त’ म्हणत नाही, ‘वाजवी’ म्हणतात, ‘रास्त’ आता बराचसा पाटीवर आणि परिपत्रकात उरलाय. चारही शब्द हाताशी ठेवा, कारण कधी कधी तिन्ही-चारी एकदम लागतात. मनेका गांधी प्रकरणाच्या १९७८ च्या निकालापासून न्यायालयीन मजकुरात ‘जस्ट, फेअर अँड रीझनेबल’ हे त्रिकूट सतत येतं. एकाला ‘योग्य’ देऊन बसलात की उरलेल्या दोघांना काय देणार? मी न्याय्य, रास्त आणि वाजवी असं वाटून टाकते. आणि हिशेबाच्या कागदांत ‘फेअर व्हॅल्यू’ आली तर तिथे न्याय शोधू नका. त्या तारखेला बाजारात रीतसर व्यवहारात मालमत्ता विकून जी किंमत येईल ती फेअर व्हॅल्यू, मग ती कुणाला अन्यायाची वाटो.

रंगाच्या अर्थाबद्दल थोडक्यात. ‘फेअर हेअर’ म्हणजे सोनेरी केस. गोरे केस नाहीत आणि पांढरे तर नाहीतच. त्वचेबद्दल आलं तर ‘गोरा’ लिहा, ‘उजळ’ लिहून कौतुक मिसळू नका. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ २०२० मध्ये ‘ग्लो’ झाला, तेव्हा जाहिरातीचा मजकूर मराठीत करणाऱ्यांना हा फरक चांगलाच समजला.

बोलण्यातला ‘फेअर’ कोशातून येत नाही, कानाने येतो. ग्राहक ‘फेअर इनफ’ म्हणाला तर तो शाबासकी देत नाहीये. ‘बरं, पटलं’ किंवा नुसतं ‘ठीक आहे’ एवढाच त्याचा वकूब. ‘टू बी फेअर’ला आपल्याकडे झकास सोय आहे: ‘खोटं कशाला बोला’. एखाद्यावर टीका करून झाल्यावर त्याची बाजूही सांगायची असते तेव्हा ते फिट्ट बसतं, फक्त सरकारी अहवालात घालू नका.

पुस्तकांचं म्हणाल तर अप्पा बळवंत चौकात जाऊन कॉलिन्स कोबिल्डचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी कोश घ्या, जुना मिळाला तरी चालेल. १९८७ मध्ये कोबिल्डचा पहिला कोश आला तेव्हापासून त्यांची व्याख्या पूर्ण वाक्यात असते, त्यामुळे शब्दाशेजारी कोण बसतं ते आपोआप दिसतं. इंग्रजी-मराठी जाडजूड कोशापेक्षा सुरुवातीला याचा उपयोग जास्त. मग उलट्या बाजूने जा: मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाच्या संग्रहात फुकट उघडतो. त्यात ‘फेअर’ हा इंग्रजी शब्द टाकून अर्थांच्या मजकुरात शोधलं की ज्या मराठी शब्दांच्या स्पष्टीकरणात तो आलाय ते सगळे समोर येतात. निम्मे आज वापरात नाहीत. उरलेले मात्र तुमच्या वहीत यायला हवेत.

‘फेअर’ झाला की ‘साउंड’ घ्या, मग ‘फाइन’. हेच विरुद्धार्थींचं तंत्र लावा.

आणि काम मिळायला लागलं की एजन्सीची मेल येईल, ‘वी ऑफर अ फेअर रेट’. यातला ‘फेअर’ कोणत्या पायरीवरचा ते मेलमध्ये कधीच नसतं. शब्दाला किती पैसे, शब्द मोजायचे इंग्रजीचे की मराठीचे, आणि पैसे किती दिवसांत, हे तिन्ही आधी लिहून मागा. उसाच्या पैशाला चौदा दिवसांची मुदत कायद्याने तरी आहे.