पापणी आधी शिकते का डोक्स? घरीच पाहा

राजेहो, चमचा वाजला की फुंकर येणार हे शिकायला विचार लागतो का, ते ओसरीतच पाहता येते. एखादं पोट्टं बसवा, ताटलीवर चमचा वाजवा अन् अर्ध्या सेकंदानं स्ट्रॉतून डोळ्याकडे हळूच फुंकर मारा (हळूच म्हटलं ना बा, अन् तोंडात खर्रा असताना तर बिलकुल नाही). दर वेळी नाही, नाणं उडवायचं, छापा आला तरच फुंकर, पण नाणं त्याला दिसलं की मुसळ केरात. चमच्याआधी विचारा, "येईल का आता?", उत्तर लिहा, फुंकरीआधीच पापणी मिटली का तेही लिहा, मोबाईलचं स्लो मोशन कामाचं.

लागोपाठ तीन-चार फुंकरी आल्या की गडी म्हणते "आता नाही येत", पण पापणी जास्तच मिटते. म्हणजे डोक्स एक म्हणते अन् पापणी दुसरंच करते. मानसशास्त्रज्ञ पियेर पेरुशे यांनी 1985 मध्ये हेच दाखवलं. घरी दर वेळी इतकं साफ नाही दिसणार, जास्त वेळा करा. तरी मिचेल, द हाऊअर अन् लविबाँड या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलं की असं शिकणं जाणून-उमजूनच होते, वाद सुरूच आहे. मले पापणीची बाजू पटते, म्हणजे विचाराविनाही शिकता येते. शेवटी "आता फुंकर बंद" सांगा अन् नुसता चमचा वाजवून पापणी पाहा.